पांगुळगाड्याचं तिसरं चाक

बसणं हा प्रकार मला कधी जमलाच नाही. आजसुद्धा दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी चार वेळा बाहेरच्या पायरीवर जाऊन येते आणि सून म्हणते, "आई, खुर्ची चावते का तुम्हाला?" चावते. लहानपणापासून चावते. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, भाकरी थापताना मला समोर बसवायची आणि पहिली भाकरी तव्यावर उलटायच्या आत मी अंगणात पोचलेली असायचे. "पायाला भिंगरी लागलीय कार्टीच्या," असं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, नळदुर्गाहून मुरुमकडं जाणाऱ्या वाटेवरच्या गावात. घरात आबा, अव्वा, दादा, वैनी, त्यांची पाच वर्षांची चंदा आणि वर्षाचा बाळू. सकाळी भाकरीची थाप, बाळूचं रडं, गोठ्यातल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि लांब हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर, सगळं एकदमच सुरू व्हायचं. ते ट्रक कुठं जातात हे मला ठाऊक नव्हतं, पण ते जातात आणि मी जात नाही, याचा मला मनापासून राग यायचा.

दहावी झाल्यावर हा राग वाढला. न्याहारीला हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी, चटणी आणि शेंगाचं तेल, मधल्या वेळात शेण, पाणी, धुणं. अशात गावात बालवाडी निघाली आणि दहावी पास मुलगी हवी म्हणून दवंडी झाली. गावात दहावी पास होऊन लग्नाची राहिलेली मी एकटीच होते, त्यामुळं निवड सोपी झाली. आबा नको म्हणाले नाहीत. ते कमी बोलणारे आणि बोलले की तेच धरून बसणारे. "रब्बीची पेरनी व्हईस्तोवर कर," ते म्हणाले. "पेरनी झाली की मुरुमचे पाहुने येनार हायेत. एकदा लगीन ठरलं की बास." मुरुमचा मुलगा अडत दुकानात होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, मी त्याला पाहिलंही नव्हतं. पण पेरणीपर्यंत म्हणजे जेमतेम चार महिने. आयुष्यात पहिल्यांदा मला रोज कुठंतरी जायला मिळत होतं, आणि ते अंतर घरापासून दोनशे पावलांचं असलं तरी मला पुरत होतं.

बालवाडी चावडीच्या मागच्या खोलीत भरायची. तेवीस पोरं. पहिल्या आठवड्यात माझ्याकडची गाणी संपली, दुसऱ्यात गोष्टी संपल्या, तिसऱ्यात पोरं पळू लागली. मी पाठमोरी झाले की दोन गायब, पाटी शोधायला वाकले की चार गायब. पळून ती जायची एकाच ठिकाणी, शेजारच्या गुंडूतात्या सुतारांच्या छपरात. मी तणतणत त्यांना आणायला जायचे आणि दरवेळी तेच बघायचे. माझ्यासमोर क्षणभर न बसणारी ती कार्टी तिथं उकिडवी बसून, तोंड उघडं टाकून, तात्यांचा रंधा बघत असायची. ढलपी गुंडाळी होऊन बाहेर आली की सगळ्यांच्या माना एकदम पुढं यायच्या. खरं सांगायचं तर चौथ्या दिवशी मीही त्यांच्यात बसले. मग विचार केला, पोरं तात्यांकडं पळतातच, तर बालवाडीच तिकडं नेऊ.

गुंडूतात्या साठीचे, एका कानात बाळी, कपाळावर कायम भुसा. मी विचारलं तेव्हा ते आधी हसले. "अगं शालन, ह्यांची बोटं हातोडीच्या दांड्याएवढी न्हाईत. कुनाचं बोट फुटलं तर गाव मला झोडपंल."

"मी बसते की तात्या संगं."

"तू बसतीस? तूच तर सगळ्यात आधी उठशील."

तरी ते तयार झाले. पोरांना त्यांनी पहिल्या दिवशी फक्त वास दिला. कडुलिंबाचा तुकडा, बाभळीचा तुकडा, सागाचा तुकडा, डोळे मिटून ओळखायचे. दुसऱ्या दिवशी खिळे मोजायचे, लांब इकडं, आखूड तिकडं. माझ्या गाण्यांनी ज्यांना तीनच्या पुढं जाता आलं नव्हतं ती पोरं खिळे मोजत वीसपर्यंत गेली, कारण एक खिळा कमी भरला तर तात्या हातोडी देत नसत. आता माझ्या नातीच्या शाळेतून डब्यात घालून स्पंजचे रंगीत ठोकळे येतात आणि त्यावर कसली तरी फी असते. मी काही बोलत नाही, पण तिच्या आईला एकदा म्हणाले, ह्याला वास कुठंय?

करायचं काय, हे चंदानं ठरवलं. तिला बाळूसाठी पांगुळगाडा हवा होता. बाळू भिंतीला धरून उभा राहायचा आणि धपकन बसायचा. तिला भाऊ लवकर चालायला हवा होता, म्हणजे तिच्या कडेवरून तो उतरला असता. बालवाडीत ती मला ताई म्हणायची आणि घरी आत्या, आणि ह्यात तिची कधीही चूक व्हायची नाही. बाकीच्या पोरांनी लगेच गाडा आपलाच मानला. तात्यांनी लाकडं तासून दिली, पोरांनी खापरीनं घासून घासून ती गुळगुळीत केली, खिळे ठोकले, निम्मे वाकवले, उपटले, सरळ केले आणि पुन्हा ठोकले. दोन चाकंही झाली. तिसऱ्या चाकाजोगं लाकूड तात्यांच्या छपरात नव्हतं. मी आपलं बोलून गेले, "घरात गोल लाकूड असंल तर घिऊन या रं कुनीतरी." हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही.

तो दिवस पितरांच्या अमावस्येच्या आदला. परतीचा पाऊस आठवडाभर बरसून थांबला होता, रानात वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, यायला आला होता. एकदा वापसा आला की दोन दिवसांत ज्वारी मातीत पडली पाहिजे, नाहीतर वरची माती सुकते आणि बी वर येत नाही. आबांनी घट बसायच्या दिवशी सकाळी पेरायचं ठरवलं होतं. पेरायची तिफण अंगणात काढून ठेवली होती, बी निवडून झालं होतं. आणि ह्या आदल्या दिवशीच दुपारी दोनच्या गाडीनं मुरुमचे पाहुणे आधी सहज डोकावून जाणार असा निरोप होता. तात्या लाकूड आणायला नळदुर्गाला गेलेले. जाताना बजावून गेले, "करवत काढायची न्हाय. खिळं आन् हातोडी, तेवढंच. आन् शालन, तू जागची हालायची न्हाईस."

मी जागची हलले नाही, हे खरं. पण दाराशी उभी होते. गाडीचा आवाज आला की मान बाहेर, पांढरी टोपी दिसली की पुन्हा आत. मागून चंदानं विचारलं, "ताई, चाक आनलंय म्या घरनं. ठोकू?" तिनं ते ओच्यात झाकून आणलं होतं म्हणे. मी वळून पाहिलं नाही. "ठोका, ठोका," म्हणाले. तिनं आणि अजून दोघांनी मधोमध मोठा खिळा धरला आणि आळीपाळीनं हातोडी मारली. गाडी आली, तिच्यातून पाहुणे काही उतरले नाहीत, आणि मी सुटकेचा श्वास सोडते तोवर मागं काडकन आवाज झाला.

वळून पाहिलं तर आबांचं चाडं होतं.

ज्यांनी तिफण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिफणीवर एक लाकडी वाडगं बांधलेलं असतं, त्याच्या बुडाला तीन भोकं. पेरणारा चालता चालता त्यात मुठीनं बी सोडतो आणि ते तीन नळ्यांतून तीन काकऱ्यांत, म्हणजे मातीतल्या रेघांत पडतं. ते वाडगं म्हणजे चाडं. आमचं चाडं आबांच्या वडलांनी करवून घेतलेलं. आधी त्यांच्या आणि मग आबांच्या मुठीनं त्याचा काठ तेल लावल्यावाणी चकचकीत झाला होता. घरात चाड्यावर मूठ आबांचीच, दादा फक्त बैल हाकायचा. एरवी ते देवळीत असायचं आणि कुणी उसनं मागितलं तरी आबा देत नसत, घरची बरकत जाते म्हणत. चंदाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं घरातलं सगळ्यात गोल, सगळ्यात गुळगुळीत लाकूड आणलं होतं, त्याला आयती भोकंही होती. आता ते उभं चिरून दोन फाका झाल्या होत्या आणि चंदा हातोडी धरून म्हणत होती, "खिळा वाकला न्हाय ताई, बगा."

संध्याकाळी मी त्या दोन फाका आबांपुढं ठेवल्या. चंदाचं नाव घेतलं नाही. ठोका मीच म्हणाले होते. आबांनी त्या उचलल्या, एकमेकींना जुळवून पाहिल्या, पुन्हा वेगळ्या केल्या, पुन्हा जुळवल्या. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अव्वानं चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं. मग आबा म्हणाले, "किल्ली दे इकडं." मी बालवाडीची किल्ली दिली, त्यांनी ती बंडीच्या खिशात टाकली. "बास झाला खेळ. पाहुन्यास्नी सांगावा धाडतो, परवा या म्हनून."

"आबा, चाडं म्या करून दिते."

"तू?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

मी तशीच तात्यांकडं पळाले. ते नळदुर्गाहून नुकते येऊन पाय धूत होते. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्याकडं चाड्याचा एक ठोकळा होता, आतून कोरून ठेवलेला, भोकं पाडायची आणि घासायची बाकी. "दोन घंट्याचं काम," ते म्हणाले, "पर दिवेलागन झाली, आता म्या हत्याराला हात लावनार न्हाय. आन् उद्या आवस." अमावस्येला सुतार हत्यार धरत नाही. तात्यांच्या बापानं धरलं नव्हतं, आज्यानं धरलं नव्हतं. परवा उजाडताच पेरणी. गावात दुसऱ्या कुणाचं चाडं मिळणार नव्हतं, सगळेच त्या दिवशी पेरणार, आणि मुरुमच्या बाजाराला अजून चार दिवस होते. मी उंबऱ्यात बसले. खरोखरच बसले, त्यावरून तात्यांना माझी अवस्था कळली असावी.

"हाताला बंदी हाय," तात्या म्हणाले. "तोंडाला न्हाय. सकाळच्याला ये."

अमावस्येच्या दिवशी घरात खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. आबांनी त्यांच्या वडलांच्या नावानं पान वाढलं, तेव्हा मी खांबाआड उभी होते. ज्यांचं चाडं मोडलं त्यांनाच आज जेवायला बोलावलेलं. माळवदावर ठेवलेल्या घासातला वडा कावळ्यानं आल्याआल्या उचलला. आज्याला राग आलेला नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आणि निघाले. सुट्टी होती, तरी चंदा आणि चार पोरं माझ्या आधीच छपरात हजर होती.

तात्या मांडीवर हात बांधून ओट्यावर बसले आणि तिथून बोलत राहिले. ठोकळा पायात धर. गिरमिट सरळ नको, जरा बाहेर झुकव. दाबू नको, फिरव, त्याचं ते जाईल खाली. गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं पिळाचं हत्यार. ते फिरवताना माझे खांदे भरून आले. मला घाई झाली की तात्यांचा हात आपोआप पुढं यायचा आणि चंदा ओरडायची, "तात्या, आवस!" तात्या जीभ चावून हात मागं घ्यायचे. असं पाच-सहा वेळा झालं, शेवटी ते स्वतःच्या हातांवर बसले. पहिलं भोक बरं पडलं. दुसरंही. तिसरं, म्हणजे मधलं, राहिलं, तेव्हा दुपार टळत आली होती, माझे पाय शिवशिवत होते, किल्ली आबांच्या खिशात होती, आणि मी शेवटचे चार वेढे जोर लावून मारले. गिरमिट घसरलं. भोक मोठं झालं.

पोरांनी काठ खापरीनं घासला, आत-बाहेर घासला, पार कोपरापर्यंत पांढरी झाली. मग तात्यांनी खाली तीन वाट्या ठेवायला लावल्या आणि चंदाला चिमूटभर ज्वारी वरून सोडायला सांगितली. पोरांनी दाणे मोजले. एका वाटीत अकरा, दुसरीत बारा, मधल्या वाटीत एकोणीस. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. मला रडू फुटलं. एवढी मोठी बाई रडते बघून पोरांनी दाणे पुन्हा मोजायला घेतले.

"बाकीची दोन मोठी करू का?"

"न्हाय. बी उधळंल सगळं," तात्या म्हणाले. "भोक मोठं करता येतं, लहान न्हाय. आता हाताला शिकीव. मधल्यावर अंगठा आड धर. जरा. अजून जरा." मी अंगठा आड धरून बी सोडलं. चौदा. पुन्हा सोडलं. तेरा. पोरांना हा खेळ लई आवडला. दिवस मावळेपर्यंत आम्ही ज्वारी सोडत होतो आणि मोजत होतो, आणि मी त्या दिवशी जितका वेळ एका जागी बसले तितका पुन्हा कधी बसले नाही.

सकाळी घट बसले आणि आम्ही रानात गेलो. नवं चाडं आबांनी हातात घेतलं. वास घेतला, काठावरून बोट फिरवलं, उलटं धरून भोकांतून आभाळ पाहिलं.

"हे मधलं?"

"गिरमिट घसरलं. अंगठा आड धरायचा, मग जमतंय."

त्यांनी तिफणीवर चाडं बांधलं, मूठ भरली, दादानं बैल हाकले. दहा पावलं गेली आणि आबा थांबले. मधल्या काकरीत बी दाट पडत होतं. पुन्हा दहा पावलं, पुन्हा थांबले. इतक्या वर्षांची मूठ, ती आपल्याच सवयीनं उघडत होती, अंगठा काही आड जाईना. वापसा उन्हात चालला होता. आबांनी कमरेची बियाची ओटी सोडली आणि माझ्यापुढं धरली.

"तूच धर. तुझ्या हाताला ठाव हाय त्याचं."

दादानं वळून पाहिलं आणि पुन्हा कासरे सावरले. मी ओटी बांधली आणि चाड्यावर मूठ धरली. आबा शेजारून चालत राहिले. पहिल्या दोन तासांत माझी इतकी वेळा चूक झाली की ती मधली काकरी पुढं सगळ्या हंगामात बांधावरून ओळखू यायची, शाळेतल्या पोराच्या भांगासारखी वाकडीतिकडी दाट, आणि जाणारा-येणारा आबांना विचारायचा, हे कोन पेरलं? पण नंतर हात लागला. दुपारच्या सुमाराला बांधावर दोन पांढऱ्या टोप्या दिसल्या. मुरुमचे पाहुणे घरी जाऊन तिथून रानात आले होते. माझी मूठ थांबली.

"हात थांबवू नको," आबा हळू म्हणाले. मग बांधाकडं बघून मोठ्यानं, "रामराम! बसा लिंबाखाली. पोरगी कामात हाय."

पाहुणे बसले. आम्ही एक फेरा केला, दुसरा केला, पाचवा केला. आबा त्यांच्याकडं गेलेच नाहीत. दादानं मध्ये एकदा पाणी नेऊन दिलं. उन्हं कलल्यावर ते दोघं धोतर झटकून उठले आणि गाडी चुकंल म्हणून निघून गेले. आबांनी लांबूनच हात जोडले.

जुन्या चाड्याच्या एका फाकेतून पुढं तात्यांनी गाड्याचं तिसरं चाक करून दिलं. ती फाक आबांनी स्वतः नेऊन दिली होती. बाळू त्या गाड्यावर चालायला शिकला. आता तो ट्रॅक्टरनं पेरतो आणि मी केलेलं चाडं माझ्याकडं आहे. पण मला हे लिहायचं होतं ते त्या दिवशीच्या संध्याकाळसाठी.

पेरणी संपली. दादा बैल घेऊन पुढं गेला. माझा अंगठा सुजला होता, तळहात लाल झाला होता. मी तो पदरात लपवला.

"दुखायलाय का हात?" आबांनी विचारलं.

"न्हाय."

"खोटं बोलू नको. पहिल्या दिवशी माझाबी दुखलाता." ते थोडं चालले. मग म्हणाले, "उद्या खालचं रान हाय. लवकर ऊठ."

मी बांध ओलांडला. मग धीर केला. "उद्या बालवाडी हाय, आबा."

आबा थांबले. बंडीच्या खिशात हात घातला, चाचपडले, आणि माझा हात पदरातून ओढून त्यावर किल्ली ठेवली.

"मंग सुटल्यावर ये," ते म्हणाले.